धक्क्याला बांधलेलं इंजिन

दाभोळच्या खाडीत हरेश तांडेलाने होडीचं इंजिन खोलून नव्याने बांधून घेतलं आणि तेव्हापासून ते तापायला लागलं. पंप बदलला, पाइप बदलले, तरी धक्क्याला बांधलेल्या होडीत चालू केलं की तापमानाचा काटा लाल खुणेवर.

"कारण सांगेल त्याला पहिल्या फेरीत नाळीवर, अगदी पुढे बसवीन," हरेश चारचौघांत ऐटीत म्हणाला.

त्याचे वडील धाकू तिथेच बसले होते. गुडघा दुखावल्यापासून हरेशने त्यांना होडीवर पाऊल टाकू दिलं नव्हतं. समुद्राकडे बघत ते म्हणाले, "बाहेर ने. तापणार नाही."

"बाबा, तापतंय म्हणून तर बाहेर नेत नाही."

"बाहेर नेत नाहीस म्हणून तापतंय. थंड राहायला ते खालचं पाणी ओढतं, आणि इथे ओहोटीला पाण्याबरोबर गाळही."

पाइपाच्या तोंडाची जाळी खरोखरच गाळाने भरली होती. ती धुतली आणि भरतीला होडी खाडीबाहेर काढली. नाळीवर धाकू बसले होते. काटा लाल खुणेकडे फिरकलाही नाही.

"तुम्ही कसं ओळखलंत?" हरेशने विचारलं.

खारा वारा तोंडावर घेत धाकू म्हणाले, "दोन वर्षं मलाही तू त्याच धक्क्याला बांधून ठेवलंयस."