मांडवाखालचा रस्ता

आमच्या चांदेगावच्या बाजारपेठेत धूर खाणारा रस्ता झाला. त्याचे पेव्हर ब्लॉक ऊन पडलं की गाड्यांच्या धुरातलं विष मारतात. ते बनवले गावच्याच हेमांगी तुपसाखरेनं, त्यामुळे आमची मान ताठ होती.

उद्घाटनाला पालकमंत्री सोनटक्के आले. त्यांच्यासाठी अख्ख्या रस्त्यावर मांडव घातलेला. ताफ्यातल्या गाड्याही मांडवातच उभ्या, एसी थंड राहावा म्हणून इंजिनं चालूच. भाषणात मंत्र्यांना जोराचा ठसका लागला.

"कसला हा रस्ता?" ते माइकवरच गरजले. "सगळा धूर माझ्या नाकात जातोय. उद्याच उखडून टाका."

हेमांगी उठली. "साहेब, याला ऊन लागतं, आणि वर तुमचा मांडव आहे. मांडव काढू, की गाड्या बंद करायला सांगता?"

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. मंत्र्यांनी ड्रायव्हरांना गाड्या बंद करायला हात केला. इंजिनं थांबली आणि थोड्या वेळानं ठसकाही थांबला.

"बघा साहेब," हेमांगी म्हणाली, "उन्हात हा रस्ता धूर खातो. सावलीत त्यानं मंत्र्यांच्या गाड्या बंद करून दाखवल्या. आता सांगा, कुठला ब्लॉक आधी उखडू?"