अंबादासच्या गळ्यातली वीणा

“…आणि नाहीच दिली तर?” अंबादासनं विचारलं.

रंभाजीबाबा मंडपाच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली.

“नको देऊस,” ते म्हणाले. “उभा राहा.”

अंबादासच्या गळ्यात वीणा होती. सप्ताह चालू असेपर्यंत ती खाली ठेवायची नसते, आणि जिच्या तारेवर आपलं बोट आहे तिला घेऊन बसायचंही नसतं. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते.

अंबादासचा पहारा केव्हाच संपला होता. पुढचा पहारा तुळशीरामचा. तो मंडपाच्या तोंडाशी चपला काढून उभा होता. त्याला आत ये असं कुणी म्हणालं नव्हतं.

तुळशीराम हा बाबांचा थोरला शिष्य, अंबादास धाकटा. अंबादासला टाळ धरायला तुळशीरामनंच शिकवलं होतं, मांडीवर बसवून. आता तुळशीराम नावाजलेला कीर्तनकार होता. गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी कीर्तनात तो बोलला होता, “ज्या गावात अजून जातीचे दोन मसणवाटे आहेत, त्या गावानं तिरंग्याखाली छाती फुगवू नये. आधी मेलेल्यांना एका जागी जाळा, मग जयजयकार करा.”

कुणीतरी ते फोनवर उतरवून घेतलं. तेव्हापासून पारावर, गिरणीत, शाळेच्या फाटकाशी, जिथं दोन माणसं भेटतील तिथं तेच. कुणी म्हणे, हा देशाचा वैरी. कुणी म्हणे, खोटं काय बोलला? ज्यांच्या घरची माणसं ओढ्यापलीकडच्या मसणवाट्यात जातात, ते मात्र काहीच म्हणत नव्हते. तुळशीरामचं घर त्यांतलंच.

सप्ताहाचे पुढारी पोपटतात्या लगबगीनं आत आले.

“अंबादास, सोडू नको बरं वीणा. सगळं गाव तुझ्या पाठीशी आहे.”

“तात्या,” बाबा म्हणाले, “पोरगं दमलंय. तुम्ही घेता का त्याच्याकडून?”

तात्यांनी कमरेवर हात ठेवला. “घेतली असती, बाबा. पण माझ्या मणक्याचं तुम्हाला माहीतच आहे.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले.

स्वयंपाकाकडे बघून येतो म्हणत तात्या निघून गेले.

अंबादास तार छेडत राहिला. मंडपाची सावली सरकत त्याच्या पायांवरून पुढं गेली. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. तुळशीरामकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, त्यामुळे तो सारखा बघत होता. तुळशीराम वाळला होता. दाढी वाढली होती. पहिल्यासारखाच तो एका पायावर भार देऊन उभा होता.

“बाबा,” अंबादास म्हणाला, “मी त्याच्या पाया पडणार नाही. माझा सुदामदादा फौजेत आहे. तिकडं बर्फात उभा आहे. आणि हा इकडं कीर्तनात उभा राहून देशाला बोलतो.”

“हं.”

“तुम्ही त्याला काहीच म्हणत नाही.”

बाबा उठले. अंबादासला वाटलं, आता ते तुळशीरामला घालवून देतील.

बाबा अंबादासच्या पायाशी येऊन बसले. त्यांनी त्याची उजवी पोटरी दोन्ही हातांत धरली आणि दाबायला सुरुवात केली.

“बाबा… हे काय करताय?”

“हलू नकोस. तार चुकेल.”

“तुम्ही माझ्या पायाला हात…”

“वीणेकऱ्याचे पाय दाबायचे नाहीत, तर काय पोपटतात्याचे दाबू?”

अंबादासनं पाय मागं घ्यावा तर तोल जात होता.

बाबांनी मान वळवली. “तुळशीराम, तिथं खांबासारखा काय उभा राहिलास? मला एक पाय पुरे होतो. दुसरा धर.”

तुळशीराम आत आला. खाली बसला. त्यानं अंबादासची डावी पोटरी धरली. त्याचे अंगठे बरोबर दुखत्या जागी गेले. लहानपणी शेजारच्या गावाहून भजन करून चालत परत येताना अंबादास रडायला लागला की हेच अंगठे त्याच जागी जायचे.



“काय बोलला रे हा?” बाबांनी विचारलं. “मला नीट कळलेलं नाही. माझ्याकडे फोन नाही.”

अंबादासनं सांगितलं. शब्दन् शब्द त्याला पाठ होता.

“आपल्या गावात मसणवाटे किती?”

“…दोन.”

“मग?”

“पण असं चव्हाट्यावर बोलायचं?”

“घरात बोलला असता, तर ऐकलं असतंस?”

अंबादासनं तार जोरात छेडली.

“आणि तू रे,” बाबा तुळशीरामला म्हणाले, “बोलताना या पोराचा भाऊ आठवला होता का?”

तुळशीरामचे अंगठे थांबले.

“नाही, बाबा.”

“आठवला असता तर?”

“तरी बोललो असतो.” त्यानं पोटरी पुन्हा दाबायला घेतली. “पण सावकाश बोललो असतो.”

मग त्यानं खालूनच विचारलं, “सुदामचा फोन येतो का रे?”

“रविवारी येतो.”

“खोकला?”

“कमी आहे.”

“मिरी-खडीसाखर पाठवली होती मी. मिळाली का?”

ती तुळशीरामनं पाठवली हे अंबादासला माहीत नव्हतं. दादानं रविवारी सांगितलं होतं, कुणीतरी गावाकडून पाठवलीये म्हणून. आईनं पाठवली असेल, असं समजून त्यानं पुढं विचारलंच नव्हतं.

“मिळाली,” तो म्हणाला.

त्याचा डावा गुडघा एकाएकी लचकला. वीणा पुढं कलली. तुळशीराम झटकन उठला आणि त्यानं वीणेच्या भोपळ्याखाली तळहात धरला.

“काढू नकोस,” तो हलकेच म्हणाला. “गळ्यात तुझ्याच राहू दे. मी नुसता भार धरतो.”

दोघं तसेच उभे राहिले. एकाचं बोट तारेवर, दुसऱ्याचा हात खाली.

पोपटतात्या स्वयंपाकाकडून परत येत होते. ते तिथंच थांबले.

अंबादासनं वीणेचा पट्टा मानेवरून काढला आणि तुळशीरामच्या गळ्यात घातला. तारेवर आधी तुळशीरामचं बोट आलं, मग अंबादासनं आपलं काढलं. तो वाकायला गेला, पण पाय आखडले होते, अर्ध्यातच अडकला. तुळशीरामनं एका हातानं वीणा सावरली, वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि उठताना त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

तेव्हा कुठं अंबादासचा हात तुळशीरामच्या पायापर्यंत पोचला. तो तिथंच थोडा वेळ राहिला.

“माझा राग गेलेला नाही,” अंबादास म्हणाला.

“माझाही नाही,” तुळशीराम म्हणाला आणि तार छेडू लागला.

बाबा गालातल्या गालात हसले. त्यांनी तांब्यातलं पाणी अंबादासला दिलं. तो घटाघटा प्यायला.

“बाबा,” तो तोंड पुसत म्हणाला, “पण तुम्ही निवाडा केलाच नाही. सगळं गाव विचारतंय. चूक कुणाची?”

बाबा खांबाचा आधार घेत उठले. वय झालं होतं, उठायला वेळ लागला. त्यांनी एकदा उभ्या शिष्याकडे पाहिलं, एकदा बसलेल्याकडे.

“माझे दिवस भरत आलेत,” ते म्हणाले. “खांदा तुम्ही दोघांनीच द्यायचाय. गावाकडच्या मसणवाट्यात न्यायचं की ओढ्यापलीकडच्या… तेवढं दोघांचं ठरलं की मला सांगा.”