फुकटातलं धुकं

आमच्या शर्वाणीने स्वतः काढलेल्या फोटोंचं सांगलीत प्रदर्शन मांडलं, तेव्हा मी तिच्या मदतीला होते. दिवसभर काहीच खपलं नव्हतं. संध्याकाळी एक वयस्कर जोडपं कृष्णेवरच्या धुक्याच्या फोटोसाठी पाकीट काढत होतं. तेवढ्यात बिल्डर रावसाहेब मोहोळकर पुढे झाले आणि त्यांनी काचेच्या फ्रेमसमोर उभं राहून त्याच फोटोचा मोबाइलवर फोटो काढला. मी दचकलेच.

"झालं, आम्हाला फुकटात मिळाला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कागदाला आठ हजार कोण देतं, पोरी?"

आजोबांनी पाकीट खिशात परत घातलं. शर्वाणी मात्र शांतपणे म्हणाली, "बघू साहेब, कसा आलाय?"

मोबाइलमध्ये नदी होती, धुकं होतं आणि काचेत उमटलेले रावसाहेब, हात उंचावून, पोटासकट ऐन पात्रात उभे होते.

"छान आलाय, राहू द्या तुमच्याकडेच," शर्वाणी म्हणाली. "तुम्ही नसलेला हवा असेल, तर मात्र आठ हजार पडतात."

आजी खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला बाई, साहेबांशिवायचाच बांधून दे."