न बोलावलेला वैद्य

पूर्वी कर्णिकापुरात सुषेण नावाचा वृद्ध राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका वैद्यकुळात जन्म घेतला. त्याचे नाव उत्पल. त्याचा थोरला भाऊ सुदर्शन राजाचा अमात्य होता.

त्या काळी नगराबाहेरच्या अरण्यात चोरांनी उच्छाद मांडला होता आणि राजा वयाने थकला होता. तेव्हा वेशीवरच्या पहाऱ्याचा नायक रोहक पुढे झाला. तो नावाड्याचा मुलगा, शूर, बोलण्यात गोड. त्याने चोरांना पकडून सुळी दिले. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. त्या दिवशी उत्पलनेही त्याच्यावर फुले उधळली.

रोहकाने राजाकडे एकच मागणे मागितले: पावसाळा संपेपर्यंत न्यायसभेला न विचारता शिक्षा देण्याचा अधिकार. राजाने तो दिला. पावसाळा सरला, अरण्य शांत झाले. मग रोहक म्हणू लागला, की चोर आता नगरात शिरले आहेत, तुमच्याआमच्यासारखे कपडे घालून आपल्याच आळीत राहत आहेत. राजाच्या रक्षणासाठी म्हणून त्याने राजाला उद्यानातल्या वाड्यात नेऊन ठेवले. त्यानंतर राजा कुणाच्या दृष्टीस पडला नाही. रोहकाने मुकुट मात्र घातला नाही. स्वतःला तो नुसता 'रक्षक' म्हणवी.

हळूहळू पाणवठ्यावरचे बोलणे बंद झाले. जो शेजाऱ्याची चहाडी करी, त्याला शेजाऱ्याचे शेत मिळे. लग्नाच्या पंगतीतही माणसे खाली मान घालून जेवू लागली.

एकदा भरसभेत सुदर्शनाने शांतपणे विचारले, "रक्षक, तो पावसाळा अजून संपला नाही का?"

रोहक हसला. दुसऱ्या दिवशी सुदर्शनाला घरातून नेले. त्याचा देहसुद्धा परत आला नाही. नगरात कुणी चकार शब्द काढला नाही.

उत्पलला मात्र रोहकाने जवळ ठेवले, कारण तसा वैद्य दुसरा नव्हता. औषधाचा पहिला घोट उत्पलने घ्यायचा. तो घेत असताना रोहक त्याचा चेहरा न्याहाळी, आणि उत्पल आपला चेहरा सांभाळी.

पुढे रोहकाला माणसांचीच धास्ती वाटू लागली. त्याने स्वतःसाठी बिनखिडकीची खोली बांधून घेतली आणि आज्ञा केली, की बोलावल्याशिवाय जो दार उघडेल त्याचा शिरच्छेद होईल. एक पहारेकरी आग लागल्याचे सांगायला आत गेला, त्याचेही डोके उडाले.

एके दिवशी दुपार झाली तरी रोहक बाहेर आला नाही. आतून घरघर ऐकू येऊ लागली. पहारेकऱ्यांचा नायक सिंहक, चार अधिकारी आणि उत्पल असे सारे दाराशी उभे होते. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. घरघर थांबे, पुन्हा सुरू होई.

सिंहक हळूच म्हणाला, "वैद्यराज, तुम्हाला कसली घाई? तुमच्या भावासाठी कुणी दार उघडलं होतं?"

उत्पलच्या मनात सुदर्शनाचा चेहरा आला, आणि त्यामागोमाग एक गार आनंद. थोडे थांबले की पुरे होते. हात लावायचीही गरज नव्हती. तो आनंद त्याने ओळखला, आणि तो घाबरला. आतला श्वास पुन्हा अडखळला. असा श्वास त्याने पुष्कळ घरांत ऐकला होता आणि तो ऐकून कधी थांबला नव्हता.

"आत माणूस गुदमरतो आहे," तो म्हणाला, आणि त्याने दार ढकलले.

रोहक जमिनीवर पडला होता. अर्धे अंग लुळे, तोंड वाकडे. उत्पलला पाहताच त्याच्या डोळ्यांत भीती उतरली आणि चांगला हात कट्यारीकडे सरकला. उत्पलने तो हात बाजूला केला, त्याला कुशीवर वळवले आणि घसा मोकळा केला. श्वास सुरळीत झाला. वाचा मात्र गेली होती.

वाचा गेलेली पाहताच सिंहकाने तलवार उपसली. उत्पल उठला नाही. रोहकावर ओणवा होऊन तसाच राहिला.

"बाजूला व्हा, वैद्यराज."

"याला मारशील, तर संध्याकाळी तूच रक्षक होशील," उत्पल म्हणाला. "मग झोपशील कुठे? याच खोलीत?"

सिंहकाने त्या बिनखिडकीच्या भिंतींवरून नजर फिरवली. मग दारातल्या आपल्या माणसांकडे पाहिले. तेही त्याच्याकडेच पाहत होते.  शेवटी त्याने तलवार म्यान केली.

त्याच दिवशी सिंहकाने बंदीखाने उघडले. राजाला परत आणले, न्यायसभा पुन्हा बसली. रोहकाला सभेने मृत्यू न देता बंदिवास दिला, आणि तो मरेपर्यंत उत्पलने त्याची शुश्रूषा केली.

सुदर्शनाची विधवा सुजाता एकदा त्याला म्हणाली, "भावोजी, त्याला तुम्ही वाचवलंत. मग माझ्या माणसानं काय केलं होतं?"

 उत्पल तिच्याजवळ खाली बसला, आणि ती रडून शांत होईपर्यंत उठला नाही.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, या पूर्वजन्मीच्या कथेचा आजच्या माणसांशी मेळ घातला: तेव्हाचा रोहक तो आजचा देवदत्त, सिंहक तो शस्त्र टाकून भिक्षू झालेला अंगुलिमाल, सुदर्शन तो सारिपुत्त, सुजाता ती मेलेल्या बाळासाठी औषध मागत फिरलेली किसा गोतमी. आणि वैरी गुदमरत असताना दार उघडणारा वैद्य, तो मीच होतो. भिक्षूंनो, यालाच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात.