टोपी घेऊन पळ

"…पण बाई, टाच टेकत नाही, पाऊल धड पडत नाही, मग वॉकर घरी द्यायचा तरी कशाला?"

हे शार्दूल विचारत होता. नवा फिजिओथेरपिस्ट. एकदम हुशार, आणि ते त्याला स्वतःलाही पक्कं माहीत! विचारत होता वर्तकबाईंना. नाशिकच्या या फिजिओथेरपी सेंटरमधले सगळे बाईंच्याच हाताखाली शिकलेत.

आणि विषय होता आमचा ईशान. माझ्या ताईचा मुलगा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, पाय कडक होतात, गुडघे एकमेकांवर घासतात. पायात स्प्लिंट, आणि चाकांचा वॉकर, तो पण पाठीमागून येणारा, म्हणजे समोर सगळं मोकळं. हा वॉकर घरी मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं. नाही म्हणाले तर परत कडेवर. एवढं मोठं पोर, कडेवर! ताईचा जीव नुसता टांगणीला.

"दाखव," बाई म्हणाल्या.

शार्दूलने ईशानला उभं केलं. "हं, टाच. गुडघा. टाच रे, टाच!"

ईशान बुटांकडे बघत जेमतेम पुढे सरकला. थांबला.

"बघा. सांगितल्याशिवाय हलतच नाही. इच्छाच नाही त्याला."

बाई ईशानकडे वळल्या.

"कुठे चाललायस रे?" त्यांनी ईशानला विचारलं.

ईशानने शार्दूलकडे बोट केलं. "याला विचारा."

मला हसूच फुटलं. शार्दूलला नाही.

भिंतीला चिकटून रेवा उभी होती. ईशानची धाकटी बहीण, एरवी एक नंबरची वांड.

"ही अशी का उभी?" बाईंनी विचारलं.

"मीच सांगितलंय," ताई म्हणाली. "तो उठला की कुणी हलायचं नाही. धक्का लागला तर?"

खरंच, आमच्या घरी ईशान उभा राहिला की सगळे स्टॅच्यू. आजोबा पण!

बाई खाली बसल्या. ईशानच्या स्प्लिंटचे पट्टे घट्ट केले. मग त्याची लाडकी क्रिकेटची टोपी काढली… आणि रेवाच्या डोक्यावर ठेवली.

"पळ."

रेवाने ताईकडे बघितलं. ताईने डोळे मिटले. मानेनेच हो म्हणाली.

रेवा सुटली!

"ए! माझी टोपी! रेवडे, थांब!"

आणि काय सांगू! वॉकर खडखडला. ईशान निघाला! गुडघे आपटतायत, टाचा हवेत, तोंडाने आरडाओरडा. शार्दूल धरायला धावला, तर बाईंनी त्याचाच शर्ट मागून धरला. हॉल संपला, दार ओलांडलं, व्हरांडा! रेवा खिदळत वळली आणि याने तिचा फ्रॉक पकडला.

"सापडली! चोरटी!"

टोपी डोक्यावर. घामाघूम. सगळे दात बाहेर. त्याच्यापासून आजवर कुणी पळालंच नव्हतं हो! ताई रडत होती. मी शिट्टी मारली, चक्क सेंटरमध्ये.

शार्दूल पुढे आला.

"वॉकर मी ठेवतो तुमच्या गाडीत," तो ताईला म्हणाला. मग हळूच, "बाई, पण उद्यापासून मी याला शिकवायचं तरी काय?"

बाईंनी ईशानच्या डोक्यावरची टोपी उचलली. रेवाच्या हातात दिली.

"आता जरा जोरात पळ गं."