वाल्डरिकचा हातमोजा

फार फार वर्षं झाली. युरोपात फ्रँक राजांची सत्ता होती तेव्हा सोएल नदीकाठच्या ब्रेनो गावावर वाल्डरिक नावाचा सरदार होता. माणूस मनाचा चांगला, पण भलता तापट. तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायचा नाही, यालाच तो न्याय समजे.

एका सकाळी त्याची शिक्क्याची अंगठी नाहीशी झाली. कपडे धुणारी विधवा गिसला तेवढी गढीत येऊन गेली होती. झालं, आळ तिच्यावर आला.

त्या काळची रीत मोठी निर्दय. कढईतल्या उकळत्या पाण्यात खडा टाकायचा आणि आरोपीनं तो हातानं काढायचा. तीन दिवसांनी जखम चिघळली, तर तो चोर.

"सरदार, या हातांवर माझं पोट आहे हो," गिसला रडत म्हणाली. "आधी नीट शोधा तरी."

"देव शोधेल," वाल्डरिक म्हणाला.

तिनं खडा काढला. तिसऱ्या दिवशी हात चिघळलेलाच होता, आणि तिला गावाबाहेर काढायचं ठरलं. वाल्डरिक ससाणा घेऊन शिकारीला निघाला. ससाणा हातावर बसवायचा जाड हातमोजा चढवला, तर बोटाला काहीतरी टोचलं. अंगठी! मागच्या शिकारीनंतर मोजा ओढून काढताना ती आतच राहिली होती.

तो गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण त्यानं गाव गोळा केलं, सगळं सांगितलं आणि तीच कढई पुन्हा चुलीवर चढवली. स्वतःचा हात त्यानं कोपरापर्यंत आत घातला. असं म्हणतात की खाली जाळ भडकलेला असताना पाणी विहिरीसारखं गार झालं.

लोक गुडघ्यांवर बसले. वाल्डरिक मात्र लहान मुलासारखा रडू लागला. "देवा, तिच्या वेळी का नाही रे गार केलंस?"

गिसला म्हणाली, "पाण्याचं सोडा, सरदार. तुम्ही तेव्हा मोजा झटकला असता तरी भागलं असतं."

त्यानं कढई नदीत बुडवली. गिसलाचा हात काही सरळ झाला नाही. तिच्या वाटचं धुणं तो म्हातारा होईपर्यंत स्वतः नदीवर धूत असे, असं म्हणतात.

आजही ब्रेनोत काही हरवलं तर कुणी कुणाचं नाव घेत नाही. घरधनी दारात उभा राहतो आणि आपले हातमोजे, आपले खिसे उलटे करून सगळ्यांसमोर झटकतो. काहीच पडलं नाही, तर मुकाट्यानं आत जाऊन पुन्हा शोधतो.