उरलेला सल्ला

बांबूच्या बेटाशेजारच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा बाप होता. टोपल्या विणून पोट भरायचा. हात असा काटकसरी, की टोपलीतून उरलेल्या पट्ट्यांचं सूप करायचा, सुपातून उरलेल्यांची परडी, आणि परडीतून उरलेल्या काडीनं कान कोरायचा. काही वाया घालवायचं नाही, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं.

त्याला एक मुलगी होती, तुळसा. दुसरीत होती. घरी पोपटासारखी बोलायची. शाळेच्या उंबऱ्याशी चप्पल काढली, की आवाजही तिथंच काढून ठेवायची.

देवरे मास्तर म्हणाले, "लिंबाजीराव, अख्ख्या वर्षात पोरीच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही. पुढच्या महिन्यात तपासणीचे साहेब येतील. त्यांच्यापुढं बोलली नाही, तर आणखी वर्षभर याच वर्गात."

लिंबाजी स्वतः दुसरीतूनच घरी बसलेला. दुसरीचा वर्ग त्याला पाय रुतणाऱ्या चिखलासारखा वाटायचा. पोरगी तिथं अडकायला नको. म्हणून पोरीला जरा काही झालं, की तो शहाण्या माणसांना विचारायला धावायचा.

आधी पोरीला जंत झाले. नर्सबाईंनी औषध दिलं. म्हणाल्या, "कडू आहे. गुळात लपवून द्या. तिला कळू देऊ नका."

लिंबाजी घोकत घोकत घरी आला. गुळात लपवायचं, कळू द्यायचं नाही. दारात गिरजेनं, म्हणजे बायकोनं, हातातली बाटली घेतली. पोरीचं नाक दाबलं, तोंड उघडलं, औषध आत.

"मग या सल्ल्याचं काय करू?" लिंबाजीनं विचारलं.

"ठेवा वळचणीला," गिरजा म्हणाली.

लिंबाजीनं ठेवला.

चार दिवसांनी मास्तरांनी पाढ्यांचं पुस्तक घरी पाठवलं. तुळसाचा चारचा पाढा पाटीवर चुकला होता. लिंबाजीला उरलेला सल्ला आठवला. त्यानं गुळाची ढेप फोडली, पुस्तक मधे बसवलं, वरून गूळ थापला आणि ढेप पोरीच्या दप्तरात घातली. वर्गानं ती चाटून चाटून निम्मी केली, तेव्हा पुस्तक बाहेर आलं. चार ते सातची पानं चिकटलेली. आठवर मुंग्या.

"लिंबाजीराव, हे काय?"

"गुळात लपवलं, मास्तर. तिला कळूसुद्धा दिलं नाही."

मास्तरांनी पुस्तकावरच्या मुंग्या झटकल्या. मग म्हणाले, "पाढा कळलाच पाहिजे हो. पोरीला पुढ्यात बसवायचं. मोठ्या आवाजात दहा वेळा म्हणायचं. ऐकून ऐकून येतं."

घोकत घोकत घरी आला. पुढ्यात बसवायचं, मोठ्यानं दहा वेळा. तोवर गिरजेनं चुलीपुढं शेंगांच्या चार-चारच्या राशी मांडून पाढा पाठ करून घेतला होता.

"हाही उरला," लिंबाजी म्हणाला.

"वळचणीला जागा आहे," गिरजा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तुळसा डोकं खाजवायला लागली. लिंबाजीनं तिला अंगणात पुढ्यात बसवलं आणि मोठ्यानं सुरू केलं, "तुळसाच्या डोक्यात उवा झाल्या. तुळसाच्या डोक्यात उवा झाल्या."

तिसऱ्या वेळेला शेजारणी बाहेर आल्या. पाचव्या वेळेला त्यांनी खेळायला आलेल्या आपापल्या पोरी घरी नेल्या. दहाव्या वेळेला समोरच्या अनुसयाआत्या म्हणाल्या, "कळलं रे बाबा. आता खालच्या आळीलाही सांगून ये."

लिंबाजी खालच्या आळीला सांगून आला.

दुसऱ्या दिवशी शाळेत तुळसाशेजारी कुणी बसलं नाही. त्या संध्याकाळी ती घरीही बोलली नाही. लिंबाजी नर्सबाईंकडे पळाला.

नर्सबाई वैतागल्या. "उवांची दवंडी कशाला पिटायची? ज्याच्यापासून त्रास सुरू झाला, त्याचं डोकं आधी साफ करा. गुडघ्यांत घट्ट धरायचं, लाकडी फणी मुळापासून फिरवायची. कितीही ओरडलं तरी सोडायचं नाही."

घरी आला, तर तुळसाची वेणी घालून झाली होती. डोकं लख्ख. फणी धुऊन वाळत ठेवलेली. लिंबाजीनं ती काही न बोलता खिशात घातली.

तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी त्याला मुद्दाम बोलावलं. "उद्या पालकांनीही यायचंय. तुम्ही एकच करा. रागवू नका. तिनं नुसतं तोंड उघडलं, की पाठीवर हात ठेवा, शाबास म्हणा आणि एक लाडू द्या."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी शेंगदाण्याचा मोठा लाडू खिशात घालून शाळेत गेला. गिरजाही आली आणि मागच्या भिंतीशी बसली. आता त्याच्याकडे दोन सल्ले होते. टोपल्या विणणाऱ्याचा नियम आहे, जुनी पट्टी आधी वापरायची, नाहीतर कीड लागते.

साहेब खुर्चीत बसले. केस तेल लावून डावीकडून उजवीकडे नीट नेलेले.

"चार साती किती, बाळ?"

तुळसा गप्प.

"येतंय का?"

तुळसानं मान खाली घातली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

त्रास कुणापासून सुरू झाला, ते लिंबाजीनं नीट बघितलं. मग उठला, खुर्चीमागं गेला, साहेबांना अलगद खाली ओढलं, त्यांचं डोकं गुडघ्यांत धरलं आणि फणी मुळापासून फिरवायला लागला. साहेब ओरडले. ओरडणारच, हे नर्सबाईंनी सांगितलंच होतं.

सगळा वर्ग गार पडला. आणि त्या शांततेत एक बारीक, स्वच्छ आवाज आला.

"आबा, सोडा त्यांना. सायबांना उवा नाहीत. चार साती अठ्ठावीस."

मास्तरांच्या हातातून खडू पडला.

लिंबाजीनं गुडघे सैल केले आणि लाडवासाठी खिशात हात घातला. पण गिरजा भिंतीकडून कधीच पुढं आली होती. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला, शाबास म्हणाली आणि पदरातली चिक्की तिच्या हातात दिली.

लिंबाजी लाडू घेऊन उभा राहिला. हाही उरला.

तेवढ्यात साहेब उठले. फणी केसांत तशीच अडकलेली. तोंड लाल झालेलं. त्यांनी लिंबाजीकडे बोट केलं आणि बोलायला तोंड उघडलं.

लिंबाजीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, "शाबास" म्हणाला आणि अख्खा लाडू त्यांच्या तोंडात घातला.

"साहेब, मुलगी बोलली," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "तिसरीत घालू ना?"

साहेबांनी लाडू गिळण्यासाठी जोरात मान हलवली. मास्तरांनी तसं लिहून घेतलं.

बराच वेळ गेला. साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. लिंबाजीला त्यांची फार दया आली. तो मास्तरांच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, साहेब काही बोलत नाहीत. आता यांना वर्षभर याच वर्गात ठेवणार का?"